आगीत उड्या मारणारा शेजारी

रुवैसला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक अमेरिकन राहायला आला आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्याने माझ्याकडे शिलाई मशीन मागितलं.

दार उघडलं तर समोर दाराच्या चौकटीएवढा माणूस. साठी उलटलेली, पांढरी दाढी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात एक फाटकी कॅनव्हासची पिशवी. शेजारी साखर मागतात, विरजण मागतात, वायफायचा पासवर्ड मागतात. हा म्हणाला, "मॅम, भिंतीतून तुमच्या मशीनचा आवाज येतो. दोरा माझा मी आणलाय. अर्धा तास मशीन मिळेल का?"

त्याचं बोलणं मी इथे मराठीतच लिहितेय. त्याचं इंग्रजी असं होतं की तो तोंडात काहीतरी चघळतोय असं वाटायचं, आणि बऱ्याचदा तो खरंच चघळत असायचा.

माझं मशीन म्हणजे दुबईच्या सतवा बाजारातून आणलेलं, जाड कापड शिवणारं. त्यावर मी इथल्या मराठी मंडळातल्या बायकांच्या रेडीमेड नऊवारी शिवते. रुवैस हे अबू धाबीतलं रिफायनरीचं गाव. नवरे ड्युटीवर, मुलं शाळेत, बायका घरी. अशा गावात शिवणाऱ्या बाईला डॉक्टरीणबाईंपेक्षा जास्त मान. मशीनला मी नवऱ्यालाही हात लावू देत नाही. पण उत्सुकतेने घात केला. म्हटलं, या.

तो बसला. आधी बॉबिन काढून पाहिली, दोरा ओढून पाहिला आणि म्हणाला, "टेन्शन फार घट्ट आहे."

"मी साड्या शिवते, तंबू नाही," मी म्हटलं.

तो गडगडाटी हसला, टेन्शन सैल केलं आणि पिशवीचा पट्टा शिवायला लागला. चौकोन, त्यात फुली, परत चौकोन. टाके असे पडत होते की मी नाइलाजाने वाकून बघायला लागले. तेवढ्यात नवरा ड्युटीवरून आला. कव्हरऑलमध्ये, हातात हेल्मेट. हॉलमध्ये बायकोच्या मशीनवर परका पुरुष, तोंडात टाचण्या धरलेला. नवऱ्याने हेल्मेट छातीशी धरलं आणि म्हणाला, "गुड इव्हनिंग, सर."

तेव्हा मला कळलं की हा नवऱ्याच्या कंपनीने आणलेला नवा ट्रेनर.

नवरा कंपनीत फायर अँड सेफ्टीमध्ये आहे. आग लागू नये म्हणून त्याला पगार मिळतो आणि तो चोख काम करतो, त्यामुळे इतक्या वर्षांत त्याने एकही खरी आग पाहिलेली नाही. मॉक ड्रिल मात्र अगणित. घरी कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी त्याची नजर आधी दाराकडे जाते. आमची मुलगी त्याला म्हणते, "बाबा, रिलॅक्स, इट्स जस्ट डाळ."

"सर स्मोकजंपर होते," नवरा आदराने म्हणाला.

"म्हणजे?"

"अमेरिकेत जंगलात वणवा लागतो ना, जिथे रस्ताच नाही अशा ठिकाणी? तिथे हे लोक विमानातून पॅराशूटने उडी मारतात आणि आग विझवतात."

"आगीत उडी मारतात?"

"आगीच्या शेजारी," टाचण्या काढून तो म्हणाला. "आगीत मारली तर एकदाच मारता येते."

"आणि पाणी?"

"पाणी कुठलं! कुऱ्हाड आणि कुदळ असते. उतरायचं आणि खणायचं. आगीच्या वाटेत माती उघडी पाडायची, म्हणजे तिला खायला काही मिळत नाही."

"आणि मग विमान न्यायला येतं?"

"नाही. सगळं सामान पाठीवर घ्यायचं आणि रस्ता सापडेपर्यंत चालायचं. लोक मला नेहमी उडीबद्दल विचारतात. परत कसे आलात, हे तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत."

मी चहा टाकायला आत गेले. मला मनापासून वाटलं, या माणसाला घरी काहीतरी त्रास असणार.

पुढे त्याने शिलाईचंही सांगितलं. त्यांचे सूट बाजारात मिळत नाहीत. झाडावर पडलं तर फांदी मानेत घुसू नये म्हणून उंच कॉलर, पॅराशूट झाडात अडकलं तर खाली उतरायला दोर लागतो म्हणून पायाला भलामोठा खिसा. ते सगळं ते स्वतःच शिवतात. आग नसेल त्या दिवसांत एवढाले दांडगे पुरुष रांगेने मशीनवर बसलेले. माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं आणि मला आपल्याकडच्या तमाम पुरुषांची, ज्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही त्यांची, दया आली. त्यातला एक समोरच बसला होता, हेल्मेट मांडीवर घेऊन.

मग तो रोजच यायला लागला. कंपनीतल्या फायरमनना दोरावरून उतरायचं तो शिकवायचा, त्यासाठी लागणाऱ्या पिशव्या आमच्या हॉलमध्ये शिवायचा. कधी मी शिवायची. एकदा मी शिवलेल्या पट्ट्याची परीक्षा घ्यायची म्हणून तो जिन्याच्या कठड्याला पट्टा बांधून खाली लोंबकळला. वॉचमनने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि "या अल्ला" म्हणून फोन काढला. पट्टा तुटला नाही. मी त्या दिवशी जेवताना दोन वेळा तो विषय काढला.

थंडीत मंडळाने हुरडा पार्टी ठरवली. वाळवंटात हुरडा ही कल्पना अध्यक्षीणबाईंची. सोलापूरकडून गोठवलेल्या हुरड्याची पाकिटं मागवली. जागा वाळवंटात आत, लिव्याकडच्या एका खजुराच्या बागेत. आमच्या मंडळातल्या केटरिंगवाल्याचा जो अरब कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, त्याची ती बाग. थीम 'गावरान'. म्हणजे पुरुषांनी धोतर-फेटा, बायकांनी नऊवारी. निम्म्या नऊवारी अर्थातच माझ्या मशीनमधून निघालेल्या. अमेरिकनला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. त्यालाही फेटा बांधला. डोकं एवढं मोठं की दोन फेट्यांचं कापड लागलं.

बाग सुंदर होती. खजुराच्या रांगा, मध्ये एक मजलिस, म्हणजे पाहुण्यांना बसायची खोली, गालिचे घातलेली, पलीकडे बकऱ्यांचं कुंपण. वाळलेल्या झावळ्या छाटून बागेच्या कडेने ढीग लावलेले आणि वारा अडवायला झावळ्यांचंच लांबलचक कुंपण, थेट मजलिस आणि बकऱ्यांपर्यंत गेलेलं. नवऱ्याने आमच्या गाडीतून उतरल्या उतरल्या ते पाहिलं आणि म्हणाला, "आगटी इथे नको."

"अहो, इथेच सावली आहे," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आणि तुमची आज सुट्टी आहे ना?"

सगळे हसले. मीही हसले. नवऱ्याने अमेरिकनकडे पाहिलं, पण तो तेव्हा मुलांच्या घोळक्यात सापडला होता. स्टेज सजवायला आणलेल्या क्रेप कागदाच्या पट्ट्या हवेत सोडून, विमानातून उडी मारायच्या आधी वारा कसा बघतात, ते मुलांना दाखवत होता.

आगटीला गोवऱ्या हव्यात असा एका काकांचा हट्ट. गोवऱ्या कुठून आणणार, म्हणून त्यांनी उंटाच्या लेंड्या गोळा करून आणल्या होत्या, घमेलंभर. त्यावर कोळसा, त्यावर हुरड्याची चाळणी. "वास अगदी गावाकडचा," ते म्हणाले. कुणाचं गाव, ते विचारायचं धाडस कुणी केलं नाही. हुरडा तरीही बरा लागला. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. भाकरी, ठेचा. खाऊन मंडळी सुस्तावली आणि दुपार कलताना वारा उठला.

ठिणगी कधी उडाली ते कुणीच पाहिलं नाही. अंताक्षरी चालली होती. मला आधी आवाज आला, कोणीतरी खूप पापड एकदम मोडल्यासारखा. वळून पाहिलं तर झावळ्यांचा ढीग पेटलेला. वाळलेली झावळी पेटते म्हणजे भडकतेच. आम्ही उठून उभे राहीपर्यंत आगीने कुंपण धरलं होतं आणि ती कुंपणावरून चालत निघाली होती.

पुढची दोन मिनिटं आम्ही जे केलं त्याला गोंधळ म्हणणं म्हणजे गोंधळाचा अपमान. एकाने ताकाचं पातेलं ओतलं. एकाने बागेतली पाण्याची नळी उचलली, तर ती ठिबकची निघाली. थेंब, थेंब. केटरिंगवाल्याने सिव्हिल डिफेन्सला, म्हणजे इथल्या अग्निशमन दलाला, फोन लावला. गाडी निघाली होती, पण रस्ता लांबचा. तो कानाला फोन लावून "यल्ला, यल्ला, जल्दी" करत गोल फिरत होता. आणि माझा नवरा, फेटा सावरत, मंडळाने केलेल्या बसच्या दिशेने हात करून ओरडत होता, "असेंब्ली पॉइंट! सगळे असेंब्ली पॉइंटला!"

अमेरिकन मात्र कागदाची पिवळी पट्टी हातात घेऊन उभा होता. त्याने ती वर फेकली, कुठे जाते ते पाहिलं आणि मग असा आवाज लावला की अंताक्षरीचा माइकसुद्धा लाजला असता.

"पाणी शोधू नका! आग आहे तिथे कुणी जायचं नाही. ती जिथे येणार आहे तिथे चला माझ्याबरोबर!"

तो लंगडत पळत आगीच्या पुढे कुंपणाशी गेला आणि म्हणाला, इथून इथपर्यंत कुंपण उपटा, जमिनीवरचा सगळा पालापाचोळा ओढून लांब टाका, खालची वाळू दिसली पाहिजे. बागेतल्या माणसांनी फावडी आणली. बाकीच्यांनी घमेली, पराती, उलथनी, जे हाताला लागेल ते घेतलं. मग त्याने बायकांकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "पॉलिएस्टर कुणी घातलंय? ते वितळून अंगाला चिकटतं. पॉलिएस्टरवाल्यांनी मागे. फक्त सुती कपडेवाले पुढे."

एक बाई हलली नाही. मंडळात सगळ्यांच्या साड्या अस्सल. कुणाची इरकली, कुणाची महेश्वरी, कुणाची 'खास विणकराकडून'. आता सगळ्यांची कापडं माझ्या सुईखालून गेलेली. कुठली साडी कुठल्या सेलमधली, मला तोंडपाठ. इतकी वर्षं मी ते गुपित वैद्यासारखं जपलं होतं. पण समोर आग.

"तुम्ही मागे," मी अध्यक्षीणबाईंना म्हटलं.

"माझं प्युअर..."

"काकू, नाही. मागे व्हा. तुम्ही पण. आणि तुम्ही दोघी पण."

चार जणींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यापुढे आग परवडली. पण गेल्या मागे. आणि मागे उभं न राहता बकऱ्यांचं दार उघडायला गेल्या, हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. बकऱ्या सुटल्या त्या थेट आमच्या जेवणाच्या पंगतीवर. ठेचा खाल्लेल्या बकरीचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

आम्ही सुतीवाल्या कुंपण उपटत होतो. खजुराच्या झावळीच्या बुडाशी सुईसारखे काटे असतात. हात सोलवटले. धुराने डोळे मिटत होते, उष्णतेने तोंड भाजल्यासारखं होत होतं. माझ्या शेजारी एक बँकेतले साहेब धोतर खोचून परातीने वाळू उपसत होते आणि तोंडाने सतत "सॉरी, सॉरी" म्हणत होते, कुणाला ते देव जाणे. मला भयंकर भीती वाटत होती. आणि खरं सांगते, मजाही येत होती. इतक्या वर्षांत आम्ही सगळ्यांनी मिळून भांडणाशिवाय केलेलं ते पहिलं काम. सगळ्या उकिडव्या बसून, वाकून, ढांगा टाकून काम करत होत्या आणि एकीचीही शिवण उसवली नाही.

तेवढ्यात मागून नवऱ्याचा आवाज आला. ओरडणं नव्हे, वेगळाच आवाज. "एक माणूस कमी आहे."

हा बाबा एवढ्या गोंधळात बसजवळ उभा राहून माणसं मोजत होता. असेंब्ली पॉइंटला आलेली आणि न आलेली, सगळी. "खजिनदार कुठे आहेत?"

खजिनदार म्हणजे मंडळातले सर्वात वजनदार गृहस्थ. सगळ्या अर्थांनी. जेवण झाल्यावर ते मजलिसमध्ये गालिच्यावर आडवे झाले होते, हे कुणाला तरी आठवलं. मजलिस आगीच्या वाटेत, धुराने भरलेली.

नवऱ्याने फेटा सोडला. ठिबकच्या टाकीत बुचकळला, नाकातोंडाला गुंडाळला आणि धुरात शिरला.

मी कुंपण सोडून पळणार, तर अमेरिकनने माझा हात धरला. "त्याला माहितेय काय करायचं," तो म्हणाला. "तुम्ही इथलं सोडलंत तर तो बाहेर आल्यावर त्याला उभं राहायला जागा नसेल."

मी परत खणायला लागले. काय खणलं, किती खणलं, मला माहीत नाही. माझ्या डोक्यात फक्त एवढंच की सकाळी सगळे हसले तेव्हा मीही हसले होते.

ते दोघं बाहेर आले तेव्हा नवरा खाली वाकलेला आणि खजिनदारांना काखेत हात घालून, पाठमोरा, ओढत आणत होता. जसं तो दर ड्रिलला वाळू भरलेल्या पुतळ्याला ओढतो, अगदी तसंच. खजिनदार खोकत होते, पण शुद्धीवर होते. त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "चहा झाला का?"

आग आमच्या पट्ट्यापर्यंत आली. उघड्या वाळूपाशी थांबली, थोडी फुसफुसली, इकडेतिकडे जीभ काढून पाहिली आणि बसली. उडून आलेल्या ठिणग्यांवर आम्ही पराती आपटत राहिलो. मजलिस वाचली. सिव्हिल डिफेन्सची गाडी आली, त्यांनी उरलेलं सगळं भिजवून चिंब केलं. त्यांच्या प्रमुखाने आमचा तो खणलेला पट्टा पाहिला, मग काजळी फासलेल्या नऊवारीतल्या बायका पाहिल्या आणि हिंदीत विचारलं, "ये कौन सी टीम है?"

"मंडल है," बँकेतले साहेब म्हणाले.

बागेचा मालक आला तेव्हा आम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे. केटरिंगवाला तर रडायच्या बेतात. मालक वयस्क, शांत. त्याने जळलेलं कुंपण पाहिलं, काळी पडलेली पाच-सहा झाडं पाहिली, पंगतीत उभ्या बकऱ्या पाहिल्या. मग आगटीत वाकून पाहिलं आणि काठीने एक लेंडी उकरली.

"ये क्या पकाया?"

काकांनी हुरड्याचा सगळा विधी हिंदीत समजावून सांगितला. मालक शेवटपर्यंत ऐकत होता. "तुम लोग," तो म्हणाला, "उंट के गोबर पे खाना खाया?" आणि मग तो जो हसायला लागला, त्याच्या माणसाला त्याला खुर्ची आणून द्यावी लागली. "खलास, जाने दो," तो डोळे पुसत म्हणाला, "कोई मरा नहीं, हमदुलिल्ला." झाडांचं काय, असं केटरिंगवाल्याने विचारलं. "खजूर है. उसको आग नया नहीं है."

परतताना अमेरिकन आमच्या गाडीत होता, पुढे नवऱ्याशेजारी. मी आणि मुलगी मागे. तो मांडीवर कागदाच्या एका पट्टीची घडी घालत होता, उलगडत होता, परत घालत होता. मुलीने ते पाहिलं. "आर यू ओके?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. मग रस्त्याकडे बघत बोलायला लागला. "सगळ्यांना मी सांगतो की गुडघे गेले म्हणून उड्या सोडल्या. गुडघे गेलेच आहेत. पण शेवटच्या वर्षी मी विमानाच्या दारात बसलो. मागचा माणूस खांद्यावर थाप मारतो. थाप पडली की जायचं. थाप पडली आणि मी बसूनच राहिलो. विमान गोल फिरून परत आलं. परत थाप. मी तसाच."

"मग?" नवऱ्याने विचारलं.

"मग त्याने मला आत ओढलं आणि स्वतःचं सँडविच दिलं.  त्यानंतर आगीच्या जवळ आजच गेलो."

 मग नवरा म्हणाला, "मला सँडविचही कुणी दिलं नाही. बकऱ्यांनी सगळं खाल्लं." आणि पेट्रोल पंपावर गाडी थांबवून त्याने सगळ्यांना शावरमा खाऊ घातला. खाताना अमेरिकनने त्याला विचारलं, धुरात माणूस कुठे असेल हे कसं कळलं? "सोपं आहे," नवरा म्हणाला, "ते घोरत होते." मुलगी हसता हसता शावरमा गाडीच्या सीटवर सांडून बसली. "बाबा, यू वर इन्सेन टुडे," ती म्हणाली. तिच्या शब्दकोशात ही पदवी फार मोठी आहे. मी नवऱ्याच्या सोलवटलेल्या कोपराला पाण्याची थंड बाटली लावत होते. बोलले असते तर रडले असते, आणि मग दोघांनीही मला वर्षभर चिडवलं असतं.

उन्हाळ्याआधी अमेरिकनचं काँट्रॅक्ट संपलं. जायच्या आदल्या आठवड्यात तो एक मोठी पिशवी शिवत बसला होता, परतीच्या सामानासाठी. मी म्हटलं, विमानतळावर ट्रॉली असते, पाठीवर कशाला? म्हणाला, सवय आहे. अध्यक्षीणबाई त्यानंतर दोन महिने माझ्याकडे शिवायला आल्या नाहीत. नंतर आल्या, एक साडी घेऊन. टेबलावर ठेवली, पिशवीतून काडेपेटी काढली आणि म्हणाल्या, "कड जाळून बघ. यावेळी सुती आहे."

बागेच्या मालकाने पुढच्या मोसमात मंडळासाठी खजुराचे खोके पाठवले. केटरिंगवाला ते घेऊन आला आणि मालकाचा निरोप सांगितला. जळलेल्यातल्या एका झाडाने मान टाकली, बाकीची हिरवी झाली. पुन्हा जरूर या, बाग तुमचीच आहे. फक्त जेवण घरून करून आणा.